ढेकणांचं निमित्त

मयूर विहार, फेज एक
रविवार सकाळ

प्रिय सुनंदा,

फोन आपटणाऱ्या बाईला पत्रच लिहावं लागतं. पत्र आपटता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि तू ते फाडणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. घरात आलेला कागद तू कधी फाडला नाहीस, विजेची जुनी बिलंसुद्धा गादीखाली जपून ठेवणारी बाई तू. तेव्हा आधी चष्मा शोध. देवाच्या फळीवर असेल, तिथेच विसरतेस. सूनबाईंकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच. चहा घे, दाराला कडी लाव आणि निवांत बस.

आधी बुधवारच्या भांडणाचं बोलते, म्हणजे मन मोकळं होईल. तुझ्या उल्हासची बदली चेन्नईकडच्या नव्या कारखान्यात झाली, कंपनीचं घर सोडायचं आलं, आणि तू बाईसाहेब ठरवून बसलीस की त्याच्याबरोबर जायचं नाही, गावी जायचं. एकटीनं. निजामुद्दीनहून येत्या शुक्रवारचं गोवा एक्स्प्रेसचं तिकीटही काढून घेतलंस त्याच्याकडून. मी एवढंच म्हटलं की गावी एकटी जाण्यापेक्षा माझ्याकडे ये, तुला जरा कंपनी होईल. त्यावर तू ताडकन म्हणालीस, "मला सोबत लागायला मी काय कुकुलं बाळ आहे?" आणि धाड. मी इंग्रजीत बोलले आणि तुला मराठीत लागलं, असं झालं. बिल्कुल राग आला नाही मला. म्हणजे आला, पण दुपारपर्यंतच.

मग दुपारी बसल्या बसल्या हसूच आलं. कारण भांडायला आपल्याला शब्द मिळाला तो कोणता, तर आपलाच! दोघींनी मिळून पाळलेला, सगळ्या जन्माचा. आठवतं ना कुठून सुरू झालं ते? आपण दोघी नव्या नवऱ्या, तू माणातली, मी वाईकडची, दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या फॅमिली क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लावून राहायला आलो. तुझे शांतारामभावजी आणि आमचे धोंडीराम एकाच पलटणीत, एकाच बी कंपनीत. तोपर्यंत कंपनी म्हटलं की आपल्याला काय माहीत? तुझे आजोबा जुन्या गोष्टी सांगताना कंपनी सरकार म्हणायचे, ती एक. माझा मामा मुंबईला गिरणीत होता, तो पत्रात 'कंपनीतून लिहितो' म्हणायचा, ती दुसरी. आणि जत्रेत तंबू ठोकायची ती नाटक कंपनी. नवरा ज्या तुकडीत असतो तिलाही कंपनीच म्हणतात हे कळल्यावर तू मला गंभीरपणे विचारलं होतंस की मग यातल्या नाटकात आपल्या माणसांचं काम काय.

आणि मग ती मेजरसाहेबांची बायको. वेल्फेअर सेंटरमध्ये शिवणयंत्रांच्या मधे फळा लावून आपल्याला इंग्रजी शिकवायची. फार गोड बाई होती, पंजाबकडची. तास संपला की दर वेळी हात जोडून म्हणायची, थँक यू फॉर युअर कंपनी. महिनाभर सगळ्या जणी नुसत्या माना हलवत होत्या. एक दिवस तू उभी राहिलीस, पदर सावरलास आणि म्हणालीस, "मेमसाब, कंपनी हमारी नहीं है, साब की है." बाई हसता हसता टेबलावर कोसळली. मग तिनं समजावलं की बाबा, साथ द्यायलाही कंपनी म्हणतात. परत येताना तू रस्ताभर चिडलेली. म्हणे जवानांच्या तुकडीला तोच शब्द, गिरणीला तोच, आणि सोबतीलाही तोच? एवढं राज्य केलं इंग्रजांनी आणि शब्दांची एवढी टंचाई? त्या दिवशी आपलं ठरलं की या शब्दाचा नवा अर्थ जिला सापडेल तिनं दुसरीला सांगायचा, आणि ऐकणारीनं चहा करायचा. तेव्हापासून मी तुझ्या हातचा किती चहा प्यायले ते देवच जाणे.

मी नोकरीला लागल्यावर तर माझीच चांदी झाली, कचेरीत जाडजूड डिक्शनरी हाताशी आली ना. संगत, सहवास, तुकडी, जमाव, घरी आलेले पाहुणे, जहाजावरचे खलाशी, सगळे तिथून उचलून मी तुझ्याकडे आणून टाकले. खलाशांवर तू चहा द्यायला तयार नव्हतीस, दिल्लीत समुद्र नाही म्हणून. पण मराठीत त्याला मंडळी असंही म्हणतात हे सांगितलं, तेव्हा शांतारामभावजी मधेच म्हणाले, बरोबर आहे, आमची मंडळी म्हणजे ही काय समोर बसलीय. तू लाजलीस. पोराची आई झालीस तरी नवऱ्यानं मंडळी म्हटलं की लाजायचीस, मला गंमत वाटायची.

आणि भावजींनी आणलेला अर्थ विसरलीस की काय? निवृत्त फौजींच्या जेवणाला गेले होते, हातात कॅन्टीनची रम, चेहरा लालबुंद, आणि तू डोळे वटारल्यावर शुद्ध निरागसपणे म्हणाले, मी घेत नव्हतो, नुसती कंपनी देत होतो. त्या अर्थाला तू चहा दिला नाहीस, भावजींना लिंबूपाणी दिलंस. मग उल्हास मोठा झाला, शाळा बुडवून बाजारात पोरांबरोबर फिरायला लागला, तेव्हा मास्तरीणबाईंनी निरोप धाडला की मुलगा बॅड कंपनीत आहे. भावजी पट्टा शोधायला लागले आणि तू माझ्याकडे रडत आलीस. आज तोच मुलगा मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत साहेब आहे, पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसतो आणि पोरांना म्हणतो की संगत बघून मित्र करा. मला त्याचा फार अभिमान आहे. तो तुला चेन्नईला न्यायला खरंच तयार होता, हेही मला माहीत आहे, त्यानंच सांगितलं. पण आधी मराठी, मग हिंदी, आता या वयात तिसरी भाषा कुठली शिकू, असं तू म्हणालीस. त्यात काही चुकलं नाही तुझं.

आता माझ्याकडचा ताजा अर्थ ऐक. यावर चहाच नव्हे, भजीसुद्धा लागू आहेत. माझी पद्मा टोरांटोहून सारखी म्हणते, आई, तुला कंपनी हवी, तुला कंपनी हवी. मी म्हटलं, आहे की, टीव्ही आहे, कबुतरं आहेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. तर पोरीनं तिकडून बसल्या जागी एका एजन्सीला फोन केला. गेल्या महिन्यात टाय लावलेला एक मुलगा दारात हजर. आंटीजी, आम्ही सीनियर लोकांना कंपनी पुरवतो. म्हणजे माणूस येणार, माझ्याबरोबर पत्ते खेळणार, फिरायला नेणार, गप्पा मारणार आणि घड्याळ बघून उठणार. म्हणजे बघ, कंपनी पुरवणारी कंपनी! मी त्याला थालीपीठ खाऊ घातलं, त्याच्या आईची चौकशी केली, तो बरेलीचा निघाला, आईला चार महिने भेटला नव्हता. म्हटलं, बाळा, तू आधी तिला कंपनी दे, मग माझं बघू. बिचारा खरंच हलला. जाताना पाया पडून गेला.

पण तो गेल्यावर माझ्या डोक्यातून तो शब्द जाईना, आणि मी एकदम जाऊन पोचले एकाहत्तर सालात. हे आपण दोघी कधी बोललो नाही. आज मी बोलणार आहे, आणि पत्रात तू मला गप्प बस म्हणू शकत नाहीस.

पलटण सीमेवर गेली तेव्हा पद्मा माझ्या पोटात होती. क्वार्टरच्या रांगेत नुसत्या बायका आणि पोरं उरली. गावाकडे नवरा बाहेरगावी गेला की शेजारची कुणीतरी सोबतीला झोपायला येते, तशी रीत आपण तिथेही लावली. पण तिचे नियम किती काटेकोर होते! जिला भीती वाटते तिनं बोलवायचं नाही. जिनं जायचं तिनं आपल्या घरी जेवून, आपली वळकटी बगलेत मारून जायचं, म्हणजे त्या घरावर ओझं नको. आणि तुला भीती वाटते म्हणून आले असं तर तोंडातून काढायचंच नाही. निमित्त काढायचं. कुणी म्हणायची आमच्याकडे उकडतंय, कुणी म्हणायची आमचा नळ रात्रभर टिपटिपतो. तू दिवेलागणीला दारात आलीस आणि म्हणालीस, "आमच्या खाटेला ढेकूण झालेत गं." मी सरकून जागा केली. दुसऱ्या दिवशी फवारणीवाले आले, सगळ्या रांगेत औषध मारून गेले. तुझे ढेकूण काही मेले नाहीत. संध्याकाळी तू परत वळकटी घेऊन हजर.

डिसेंबरात धोंडीराम गेले. बी कंपनीतले बरेच जण गेले. मला त्यातलं फार थोडं आठवतं. मामंजी गावाहून येईपर्यंत तू माझ्या हाताला धरून बसलेली होतीस एवढं आठवतं, आणि तुझा चेहरा कसा दगडी झाला होता ते आठवतं. मला वाटलं, भावजींचीही काही खबर नाही म्हणून हिचं असं झालंय. खूप दिवसांनी मला रांगेतल्या तानूबाईनं सांगितलं की शांताराम सुखरूप असल्याचा निरोप तुला माझ्या निरोपाच्याच दिवशी मिळाला होता. त्याच दिवशी, सुनंदा. आणि तू तो गिळून टाकलास. देवापुढे साखर ठेवली नाहीस, कुणाला सांगितलं नाहीस, हसली नाहीस. नवरा जिवंत आहे याचा आनंद माझ्यासमोर दिसायला नको म्हणून तू तो मनातसुद्धा धरला नाहीस. मला कळल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले होते, धोंडीरामांसाठी नाही, तुझ्यासाठी. तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

आणि मग मामंजी मला न्यायला आले. विधवा सून, पोटुशी, परमुलखात ठेवायची कशी, त्यांचंही बरोबरच होतं. माझी पेटी बांधून झाली होती. साहेबांनी सरकारी नोकरीचा शब्द दिला होता, पण मी एकटी कशी राहणार यावर सगळं अडलं होतं. मी एकोणीस-वीस वर्षांची, मला तोंड नव्हतं. तू मात्र डोक्यावरून पदर घेतलास, दाराच्या आड उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मामंजी, ती एकटी नाही. तिला सोबत आहे." एवढंच. वाद नाही, विनवणी नाही. मामंजी जमिनीकडे बघत म्हणाले की पेटी सोडा. त्या एका वाक्यावर माझी नोकरी उभी राहिली, पद्माचं शिक्षण झालं, मयूर विहारचा हा फ्लॅट झाला. मी कचेरीत असताना पद्माला आंघोळ घालायचीस, उल्हासच्या ताटात तिला भरवायचीस. माझ्यापेक्षा तिनं तुलाच आधी आई म्हटलं, मी ते चालवून घेतलं.

आता तू म्हणतेस गावी जाणार. जा, मी काय पाय बांधणार आहे तुझे? पण जरा डोळे उघडून बघ. पत्र्याचं घर, ते भावजी असतानाही उन्हाळ्यात भट्टी व्हायचं. टँकर आला तर पाणी. तुझा पुतण्या पुण्याला, जाऊ मुलीकडे, आळीत म्हातारी कुत्री आणि त्याहून म्हातारे चुलते. दवाखाना दहिवडीला. तिथे तुझ्याकडे सोबतीला वळकटी घेऊन कोण येणार, त्याचं नाव तेवढं मला कळव.

माझ्याकडचं सांगते. लिफ्ट गेल्या वर्षी नवी बसवली, अडकत नाही. मेट्रो दाराशी, उल्हास आला तर थेट इथवर येईल. थंडीत गॅलरीत दुपारपर्यंत ऊन असतं, लोणच्याच्या बरण्या आणि म्हाताऱ्या दोन्ही मावतात. समोरच्या ब्लॉकमध्ये कुमुद आहे, रेल्वे बोर्डातून निवृत्त झालेली, संक्रांतीला मराठी बायका गोळा करते आणि तिळगूळ इतका कडक करते की दाताच्या डॉक्टरशी तिचं साटंलोटं असावं. पद्माची खोली रिकामी आहे, खिडकीखाली गुलमोहर आहे. भाकरीसाठी ज्वारीचं पीठ आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, पूर्वीसारखी लक्ष्मीनगरची पायपीट नाही. देव तुझे तू घेऊन ये, माझ्या देवांना शेजार होईल. स्वयंपाक तू कर म्हणणार नाही, पण केलास तर अडवणारही नाही. आणि मी पहाटे उठून रेडिओ मोठ्यानं लावते, ते तुला सोसावं लागेल. चलो, हिशोब बरोबर झाला.

एवढं लिहून मी उठले होते, पत्र घडी घालून पाकिटात टाकणार होते. पण पुन्हा बसले. सुनंदा, लिफ्ट, मेट्रो, ऊन, गुलमोहर, ज्वारीचं पीठ, हे सगळे ढेकूण आहेत. तुझ्याकडूनच शिकले. बुधवारी तुला कंपनी होईल म्हणाले तोही ढेकूणच होता. खरं ऐक. परवा भाजी घेऊन आले, दोन्ही हातांत पिशव्या, आणि माझ्याच दाराची बेल वाजवून उभी राहिले. हे पहिल्यांदा झालं नाही. पद्मा टोरांटोला गेल्यापासून होतंय. बेल वाजते, मी वाट बघते, आतून कुणी येत नाही, मग मला आठवतं आणि मी किल्ली शोधते. पद्माला सांगितलं तर ती मला डॉक्टरकडे पाठवेल. माझ्या डोक्याला काही झालेलं नाही, डोकं ठणठणीत आहे. मला फक्त घरात कुणीतरी हवंय, आणि ते कुणीतरी तू हवी आहेस. आपल्या रांगेत सोबत मागायची रीत नव्हती हे मला माहीत आहे. मी मागते आहे. तुला सोबत लागत नाही, मान्य, तू कुकुलं बाळ नाहीस. मला लागते. शुक्रवारचं ते तिकीट उल्हासला रद्द करायला सांग, मी त्याच्याशी बोलले आहे, तो तुझ्या 'हो'ची वाट बघतोय. घरी जेवून ये, वळकटी बगलेत मारून ये, जशी यायचीस तशी. मला एकदा माझ्या दाराची बेल वाजवायची आहे आणि आतून तुझा आवाज ऐकायचा आहे, आले गं, जरा दम धर.

तुझीच,
भिंतीपलीकडची
गिरिजा